मांडीच्या हाडाचं मॉडेल दरवेळी मऊ का येतं?

"सर, हाई हाड कापसानं शे का?"

गेल्या पावसाळ्यात शिरपूरकडच्या एका एम.टेक.च्या विद्यार्थ्यानं लॅपटॉप माझ्यापुढे सरकवत हे विचारलं. स्क्रीनवर मांडीच्या हाडाच्या मधल्या नळीचा २०० मिमी लांबीचा तुकडा होता. एक टोक पक्कं धरलेलं, दुसऱ्या टोकावर आडवा १०० न्यूटनचा भार, म्हणजे साधारण दहा किलोचं वजन टांगल्यासारखं. तुकडा १.७ मिमी वाकला होता. हातानं गणित केलं तर ०.६४ च्या आसपास यायला हवं.

जळगावात मेकॅनिकल शिकवताना सीटी स्कॅनवरून हाडाची मॉडेलं करणाऱ्या पोरांना मदत करायला लागलो, तेव्हापासून ही तक्रार दरवर्षी एकदा तरी येतेच. पोरं बदलतात, स्कॅन बदलतो, सॉफ्टवेअर बदलतं, हाड मात्र मऊच. म्हणून यावेळी एकदाचं सगळं लिहून काढतोय. पुढच्या वर्षी येणाऱ्याला ही लिंक पाठवेन आणि चहा पिईन.

ही मॉडेलं फायनाइट एलिमेंट पद्धतीनं होतात: हाडाचे छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट, पाडून त्यांची जाळी करायची आणि भाराखाली ती किती वाकते ते संगणकाकडून काढून घ्यायचं. मऊपणावर पहिला उपाय सगळे एकच करतात: जाळी बारीक करायची. ४ मिमीची २ मिमी, २ ची १. एलिमेंट लाखांत जातात, जॉब रात्रभर लावून ठेवायचा, पहाटे लाइट जाते, एप्रिल-मेमध्ये इन्व्हर्टर आधीच दमलेला असतो, सकाळी पुन्हा पहिल्यापासून. एवढं करून उत्तर तेच येतं, किंवा आणखी थोडं मऊ. येणारच. या पद्धतीत ठोकळ जाळी वस्तूला असते त्यापेक्षा कडक दाखवते, बारीक करत गेलं की तो खोटा कडकपणा उतरतो. म्हणजे मऊपणाच्या तक्रारीवर बारीक जाळी हे औषधच नाही. चार नोडचे टेट्राहेड्रॉन (चार बाजूंचे एलिमेंट, नोड म्हणजे त्यांचे जोडबिंदू) वापरत असाल तर ते वाकवताना फारच ताठ वागतात. ते काढून दहा नोडचे घ्या, कॅल्क्युलिक्स या सॉफ्टवेअरमध्ये त्यांचं नाव सी३डी१०. पण त्यानंही हाड आणखी मऊ दिसेल, कारण खरा आजार दुसरीकडे आहे.

आधी सॉल्व्हरची निर्दोष सुटका करा

सॉल्व्हर म्हणजे जाळीवरची समीकरणं सोडवणारा प्रोग्रॅम. तो तपासायला हाड बाजूला ठेवा आणि एक साधा पाइप काढा. बाहेरचा व्यास २७ मिमी, आतला १३ मिमी, लांबी २०० मिमी. सगळीकडे एकच मॉड्युलस, म्हणजे पदार्थाचा कडकपणा, १७,००० मेगापास्कल. कॉर्टिकल हाडाला, म्हणजे बाहेरच्या टणक हाडाला, लांबीच्या दिशेनं साधारण एवढा असतो. आडव्या दिशेनं तो ११,५०० च्या आसपास असतो, पण वाकवण्याच्या चाचणीत लांबीचाच कामाला येतो, म्हणून सध्या तो विसरा. या पाइपचा जडत्वाचा आघूर्ण, म्हणजे आकारामुळे वाकण्याला होणारा विरोध, २४,६८५ मिमी चतुर्थ घात येतो. १०० न्यूटनला टोक ०.६३५ मिमी खाली जायला हवं आणि धरलेल्या टोकाशी ताण साधारण ११ मेगापास्कल यायला हवा.

तुमच्या सॉफ्टवेअरनं एवढं दिलं तर सॉल्व्हर, एककं, टोक धरण्याची पद्धत, सगळं ठीक आहे. दिलं नाही तर हजारपटीचा घोळ शोधा. मिमी, न्यूटन, मेगापास्कल ही तिकडी एकत्र नांदते. त्यात कोणी मीटर किंवा गिगापास्कल घुसवला की घर मोडतं. आमच्या पोराचा पाइप पहिल्याच फटक्यात ०.६३ आला. म्हणजे दोष सॉल्व्हरच्या आधीच्या टप्प्यात, सीटीपासून मॉड्युलसपर्यंतच्या वाटेवर कुठेतरी होता.

सीडीत काय आलं आहे ते बघा

एकदा एका स्कॅन सेंटरनं आम्हाला सीडी दिली होती, तिच्यात डायकॉमच्या, म्हणजे स्कॅनच्या मूळ फाइलींच्या, जागी जेपीजी चित्रं होती. दिसायला झकास, पण राखाडी रंगाच्या फक्त २५६ छटा. हाउन्सफील्ड आकडे, म्हणजे कुठली जागा क्ष-किरण किती अडवते ते सांगणारे, ज्यांना सगळे एचयू म्हणतात, ते त्यातून कायमचे गेलेले असतात. अशा सीडीवर हाडाचा आकार मिळेल, ताकद नाही. परत जाऊन मूळ डायकॉम मागा, रुग्णाचं नाव-गाव काढून टाकलेलं, आणि रीतसर संमती घेऊनच.

डायकॉम हातात आलं की थ्रीडी स्लायसर या सॉफ्टवेअरमध्ये उघडून माउस फिरवा. शरीराबाहेरची हवा उणे १००० च्या जवळ असायला हवी, चरबी उणे १०० च्या आसपास, स्नायू ४० ते ६०, आणि नळीचं टणक हाड हजाराच्या बरंच वर. पाणी ० आणि हवा उणे १०००, या दोन खुंट्यांवरच ही मोजपट्टी ताणलेली आहे. फाइलमध्ये साठवलेला आकडा मात्र एचयू नसतो. त्याला फाइलच्या हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या माहितीत, दिलेल्या स्लोपनं गुणून इंटरसेप्ट मिळवायचा असतो, आणि तो इंटरसेप्ट बहुतेक वेळा उणे १०२४ असतो. काही सॉफ्टवेअर हे स्वतःच करतात. मग पोरं पायथनमध्ये तेच पुन्हा करतात आणि १५०० चं हाड ४७६ होऊन बसतं. हवा उणे २००० दिसली की समजा हेच झालं आहे.

स्कॅन किती केव्हीवर, म्हणजे एक्स-रे नळीच्या किती व्होल्टेजवर, घेतला तेही हेडरमध्ये वाचा. ८० केव्हीवर हाड १२० पेक्षा बरंच उजळ दिसतं, पाणी मात्र ० वरच राहतं, त्यामुळे एचयूवरून घनता काढायचं एका केव्हीचं समीकरण दुसऱ्याला लावता येत नाही. रिकन्स्ट्रक्शनचा कर्नल, म्हणजे चित्र तयार करताना लावलेली गाळणी, धारदार, हाडासाठीचा असेल तर कडांवर खोटी चमक येते. मोजमापासाठी साधा कर्नल मागा. डॉक्टरांना धारदार चित्र आवडतं, फ्रॅक्चर पटकन दिसतं, त्यांचंही चूक नाही.

अजून एक जागा. स्लायसर आत एक अक्षपद्धत वापरतो, तर डायकॉम दुसरी. पहिल्या दोन अक्षांची चिन्हं उलटी असतात. एसटीएल, म्हणजे हाडाच्या आकाराची फाइल, एका पद्धतीत आणि सीटी दुसऱ्या पद्धतीत गेला की जाळी उभ्या अक्षाभोवती अर्धी फिरून हवेत किंवा मांडीच्या स्नायूंत जाऊन बसते. दोन्ही पाय एकाच स्कॅनमध्ये असतील तर कधी उजव्या मांडीची जाळी डाव्या हाडावर तिरकी पडते आणि निम्मं मॉडेल बरोबर वाटतं. हे पकडायला गणित नको. मॉड्युलसचा रंगीत नकाशा काढा आणि मधोमध चिरून बघा. बाहेर लाल कडं आणि आत निळी पोकळी दिसली नाही तर पुढे जाऊच नका.

कापूस आणि रुई

या पोराचं इथपर्यंत सगळं ठीक होतं. त्याचं खरं दुखणं पुढे निघालं, आणि माझ्या अंदाजानं दहापैकी निम्म्या मऊ हाडांचं हेच दुखणं असतं.

हाडाच्या कामात घनता हा एकच शब्द तीन वस्तूंना वापरतात. सीटीबरोबर ठेवलेल्या फॅन्टमवरून, म्हणजे खनिजाचं प्रमाण माहीत असलेल्या नमुन्यावरून, मिळते ती हायड्रॉक्सीअॅपेटाइटची घनता, म्हणजे त्या जागेत खनिज किती. हाड भट्टीत जाळून उरलेली राख तोलली तर राखेची घनता. आणि हाडाचा ओला तुकडा पोकळ्यांतली मज्जा धुऊन तोलला, मग पोकळ्यांसकट अख्ख्या आकारमानानं भागला, तर ती आभासी घनता. आपल्याकडच्या माणसाला हे समजायला एक मिनिट लागत नाही. शेतकरी जिनिंगवर आणतो तो सरकीसकट कापूस, आणि बाहेर निघते ती रुई, साधारण तिसरा हिस्सा. कापसाचा भाव रुईला लावणारा व्यापारी एका हंगामात बसतो.

मॉड्युलसची सूत्रं कुठल्या घनतेवर बेतलेली आहेत हे वाचलंच पाहिजे. मॉर्गन, बायरक्तार आणि कीव्हनी यांचं २००३ सालचं मांडीच्या हाडाच्या मानेचं (डोक्याखालच्या अरुंद भागाचं) सूत्र आभासी घनतेवर आहे: घनतेचा १.४९ वा घात घ्या, ६८५० नं गुणा, उत्तर मेगापास्कलमध्ये. घनता ग्रॅम प्रति घन सेंमीमध्ये. आमच्या पोरानं त्यात राखेची घनता घातली होती. फॅन्टमच्या घनतेवरून राखेपर्यंत तो बरोबर गेला होता (०.८७७ नं गुणून ०.०७९ मिळवायचे), पण शेवटची पायरी विसरला: राखेची घनता ०.६ नं भागली की आभासी घनता मिळते. नळीच्या हाडात राखेची घनता १.०८ होती. ती तशीच घातली तर मॉड्युलस ७,७०० च्या आसपास येतो. भागून १.८ केली तर १६,४००. एका विसरलेल्या भागाकारानं हाडाचा कडकपणा निम्म्याखाली गेला, ४७ टक्क्यांवर.

खरं तर हे सूत्र स्पंजी हाडाच्या नमुन्यांवरून काढलेलं आहे, नळीच्या टणक हाडापर्यंत ते ताणणं म्हणजे जरा जबरदस्तीच. पण १.८ ला ते १६.४ गिगापास्कल देतं, प्रयोगाच्या १७ च्या जवळ, म्हणून सगळेच खपवून घेतात. मीही घेतो. कार्टर आणि हेज यांचं १९७७ चं सूत्र घेतलंत तर तिथे घनतेचा घन येतो, आणि हीच चूक तिथे कडकपणा २२ टक्क्यांवर आणून ठेवते. पोरानं भागाकार घातला, जॉब पुन्हा लावला. १.७ चे ०.८ झाले.

उरलेला पाचवा हिस्सा

०.८ वर तो खूश होता. मी नव्हतो. १६,४०० मॉड्युलस धरला तर हाताच्या गणितानं ०.६६ यायला हवेत. वीस टक्के अजून कुठेतरी गळत होते, आणि ही गळती मला सगळ्यात जास्त आवडते, कारण तिच्यात कोणाची चूक नसते.

ज्वारीचा धांडा आडवा कापून बघा. बाहेर कडक साल, आत भुसभुशीत गर. वाऱ्यात धांडा उभा राहतो तो सालीच्या जोरावर. हाडाचंही तसंच. आपल्या २७ मिमीच्या पाइपमधला सगळ्यात बाहेरचा १ मिमीचा थर बघा. क्षेत्रफळात त्याचा वाटा १९ टक्क्यांहून कमी, पण वाकण्याला विरोध करण्यात २८ टक्के. मधल्या अक्षापासून जितकं लांब तितकी किंमत जास्त, तीही अंतराच्या वर्गानं. आणि सीटी नेमका याच थरात खोटं बोलतो.

कारण व्हॉक्सेलला, म्हणजे स्कॅनमधल्या सगळ्यात छोट्या ठोकळ्याला, सीमारेषा कळत नाही. ज्या व्हॉक्सेलमध्ये निम्मं हाड आणि निम्मा स्नायू आहे तिथे स्कॅनर दोघांची सरासरी देतो. कळण्याच्या पिठासारखं आहे ते: ज्वारी आणि उडीद एकत्र दळल्यावर चिमटीत घेऊन कोण सांगेल किती ज्वारी, किती उडीद? शिवाय स्कॅनरचा स्वतःचा धूसरपणा असतो, तो कडेच्या आतल्या व्हॉक्सेललाही पातळ करतो. स्लाइस ५ मिमी जाडीची असेल आणि हाड तिरकं जात असेल तर मग बघायलाच नको.

समजा त्या बाहेरच्या १ मिमी थरात घनता १.८ ऐवजी सगळीकडे निम्मीच, ०.९ वाचली गेली. सूत्रानं तिथला मॉड्युलस १६,४०० चा ५,९०० होतो. निम्मा नाही, जवळपास तिसरा हिस्सा, कारण घात १ पेक्षा मोठा आहे. २८ टक्क्यांचे दोन तृतीयांश गेले, म्हणजे अख्ख्या नळीचा कडकपणा १८ टक्क्यांनी उतरला. ०.६६ चे ०.८ होतात ते असे.

यात दोन सरासऱ्या होतात आणि त्या वेगवेगळ्या ओळखायला हव्यात. व्हॉक्सेलच्या आतली सरासरी स्कॅनरनं केलेली असते, ती उलगडता येत नाही. एलिमेंटच्या आतल्या अनेक व्हॉक्सेलची सरासरी आपण करतो, ती सुधारता येते. आधी घनतेची सरासरी काढून मग मॉड्युलस काढला तर वरच्या उदाहरणात ५,९०० येतात. आधी प्रत्येक व्हॉक्सेलचा मॉड्युलस काढून मग सरासरी घेतली तर ८,२०० येतात. बोलोन्याच्या रिझोली संस्थेतून आलेल्या बोनमॅटमध्ये हा दुसरा मार्ग आहे. स्वतःची स्क्रिप्ट लिहीत असाल तर लूपचा क्रम बदला, एवढंच. फक्त एक काळजी: मज्जेच्या चरबीत एचयू उणे असतो, घनताही उणे निघते, आणि उणे आकड्याचा १.४९ वा घात काढायला गेलं की नॅन ("हा आकडाच नाही") येऊन जॉब पडतो. घनतेला खाली एक छोटी धन मर्यादा घाला.

उरलेलं दुखणं स्कॅनरचं. त्यावर पातळ स्लाइस हा सरळ उपाय, १ मिमी किंवा त्याखाली. स्कॅन आधीच झालेला असेल तर पृष्ठभागावरच्या एलिमेंटला त्याचा स्वतःचा आकडा न देता एक-दोन व्हॉक्सेल आतल्या शेजाऱ्याचा द्या. नळीत हे बेधडक चालतं, तिथे टणक भिंत ७ मिमीची आहे.

मी हे पोरांना पटवायला एकदा मटणाच्या दुकानातून एक नळी आणली होती. ओळखीच्या माणसानं ती मोकळ्या वेळात स्कॅन करून दिली, मग हॅकसॉनं आडवी कापून व्हर्निअर लावला. सीटीत भिंत जाड आणि फिकी दिसत होती, हातात पातळ आणि पांढरीशुभ्र. अर्ध्या तासाचं काम, पण त्यानंतर हाडाची कड ठरवायचा उंबरठा किती एचयूवर धरायचा यावर कोणी माझ्याशी वाद घातला नाही. नळीचा रस्सा झाला नाही याचं दुःख मात्र काही जणांना राहिलं.

उलट तक्रार: ताण वाढतच जातो

मऊ हाडाबरोबर हमखास येणारा दुसरा प्रश्न. जाळी बारीक केली की हाडाच्या डोक्याजवळचा ताण ८० चा १५०, मग ३०० मेगापास्कल होतो. भार एकाच नोडवर लावला आहे, बाकी काही नाही. शून्य क्षेत्रफळावर भार म्हणजे अनंत ताण, जाळी त्याच्याकडे चालली आहे. चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे २.४ पट भार येतो, हे बर्गमान आणि सहकाऱ्यांनी सेन्सर बसवलेल्या कृत्रिम खुब्यांवरून मोजलं, २००१ साली छापलं. तो भार सांध्याच्या पृष्ठभागावर पसरतो. तुम्हीही पसरवा, आणि भाराच्या जागेपासून हाडाच्या जाडीएवढं दूर जाऊन आकडा वाचा. हाड मोडेल का, हे ठरवायला ताणापेक्षा विकृती, म्हणजे मूळ लांबीच्या मानानं पडलेला फरक, बघणं मला जास्त भरवशाचं वाटतं. घनता बदलली की मोडण्याचा ताण प्रचंड बदलतो, विकृतीची मर्यादा त्यामानानं स्थिर राहते: ओढताना ०.७३ टक्के, दाबताना १.०४ टक्के या मर्यादा मांडीच्या हाडासाठी वापरल्या जातात.

नंदुरबारकडून एक विचारणा आली होती, सिकलसेलच्या रुग्णांच्या खुब्याचं मॉडेल याच पद्धतीनं करता येईल का. अक्कलकुवा, धडगाव भागात हा आजार घरोघर माहीत आहे, आणि त्यात रक्तपुरवठा तुटून मांडीच्या हाडाचं डोकं मरतं, बसतं. पाइपलाइन तीच चालेल, सूत्र नाही. वरची सूत्रं अशा मेलेल्या हाडाच्या नमुन्यांवरून काढलेली नाहीत. मेलेल्या भागाची कडा सीटीत घट्ट, पांढरी दिसते, आणि सूत्र तिला बिनदिक्कत मजबूत म्हणेल. तिथे मी आकडा द्यायला तयार नाही.

आता पुन्हा शिरपूरच्या पोराकडे. शेजाऱ्याचा आकडा द्यायची स्क्रिप्ट त्यानं लिहिली, नळी ०.६७ वर आली. चार दिवसांनी फोन. "सर, नळी बेस झाली, पण मान परत मऊ." पोरानं स्क्रिप्ट अख्ख्या हाडावर चालवली होती. मानेच्या वरच्या बाजूला टणक भिंत जेमतेम एक-दोन मिमी, तिच्या दोन व्हॉक्सेल आत स्पंजी हाड. स्क्रिप्टनं इमानदारीनं आतल्या शेजाऱ्याचा आकडा उचलला आणि सालीच्या जागी गर भरला. एक ओळ बदलायला सांगितली: एलिमेंटचा स्वतःचा मॉड्युलस आणि आतल्या शेजाऱ्याचा, यांतला मोठा असेल तो घे. मानेत अजूनही थोडा मऊपणा राहतो, कारण तिथला धूसरपणा भिंतीएवढाच जाड आहे. त्याचं पुढचं सत्र त्यातच जाणार आहे.

तुमचं मॉडेल हे सगळं करूनही मऊ येत असेल तर मला अख्खी फाइल पाठवू नका, नेट इथलं असलं तसलं. केव्ही, कर्नलचं नाव, स्लाइसची जाडी, हवेचा आणि स्नायूचा एचयू, वापरलेलं सूत्र कोणत्या घनतेचं, आणि नळीत मिळालेला सगळ्यात मोठा मॉड्युलस, एवढं लिहा. मॉड्युलस ७-८ हजारांवर अडकलेला दिसला तर उत्तर न लिहिता फक्त "रुई" एवढंच पाठवेन.